लांडग्याला कंगवा

कंगवाताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं, आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान होतं. एका भिंतीला आंघोळीचा टब, दुसरीला कंगवे टांगलेले, आणि मधोमध एक टेबल. हे टेबल त्यांच्या नवऱ्याने मोडीत निघालेल्या बसच्या जॅकवर बसवून दिलं होतं, त्यामुळे दांडा मारला की कुत्रा थेट ताईंच्या नाकासमोर यायचा. केवढाही आडदांड कुत्रा असो, त्या टेबलावर चढला की शहाण्यासारखा उभा राहायचा. मालक बाहेर बाकड्यावर बसून कौतुकाने बघत राहायचे, कारण घरी त्याच कुत्र्याने त्यांना सोफ्यावर बसायची बंदी केलेली असायची.

ताईंना आजवर एकही कुत्रा चावला नव्हता. ही गोष्ट त्या स्वतःहून कोणाला सांगत नसत. पण बोलणं हवामानावरून सुरू झालं काय किंवा भाजीच्या भावावरून, फिरून फिरून तिथेच येऊन पोचायचं.

"त्यात काही जादू नाही," त्या म्हणायच्या. "समोरून जायचं नाही, बाजूने जायचं. डोळ्यांत बघायचं नाही. मूठ मिटून हात खाली धरायचा, त्याला वास घेऊ द्यायचा. आणि पळायचं तर मुळीच नाही."

एवढं सांगून झालं की त्या जिभेने दोनदा टक् टक् करायच्या आणि पोटातून आवाज काढून म्हणायच्या, "ये रे बाळा, ये." त्या हाकेला न आलेला प्राणी अजून जन्मायचा होता, असं त्यांचं मत होतं. त्या मताला विरोध करायची हिंमत घरात कोणाला नव्हती. घरात कोणी म्हणजे तरी कोण, तर त्यांचे यजमान. ते बस डेपोत मिस्त्री होते. लग्न झालं तेव्हा त्यांना कुत्र्यांची भीती वाटायची. ती अजूनही वाटायची, फक्त आता ते बोलून दाखवायची चोरी होती. दुकानात कुत्रा असला की मिस्त्री मागच्या दाराने घरात शिरायचे आणि ताई म्हणायच्या, "अहो, तुम्हाला कितीदा सांगितलं, उभं राहायचं आणि हात पुढे करायचा." मिस्त्री म्हणायचे, "उद्यापासून करतो."

डेपो गावाच्या अगदी टोकाला होता. शेवटचा थांबा तिथेच. कॅन्टीन, गाड्या धुवायचा चौक, दुरुस्तीची शेड, आणि त्यामागे तारेचं एक कुंपण, जे कुंपण म्हणून फक्त कागदावर उरलं होतं. पलीकडे नजर पोचेल तिथवर गवताचा माळ. थंडीच्या सुरुवातीला त्या माळावरून एक लांडगा डेपोत आला.

तो पहिल्यांदा दिसला कॅन्टीनच्या आचाऱ्याला. कचऱ्याच्या पिंपाशी काहीतरी खसफसलं म्हणून आचाऱ्याने खिडकीतून डोकावलं आणि कुत्रा समजून एक हाडूक भिरकावलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला. एका ड्रायव्हरने निरखून बघितलं आणि हा कुत्रा नव्हेच, लांडगा आहे, असा निकाल दिला. मग काय, सगळ्या डेपोची छाती फुगली. इतरांच्या डेपोत फार तर मांजरं असतात, आमच्याकडे लांडगा आहे, असं कंडक्टर लोक प्रवाशांना तिकिटाबरोबर फुकट सांगू लागले. वाहतूक नियंत्रक तसा कडक माणूस, गाडी मिनिटभर उशिरा आली तरी भुवया उडवणारा. पण तोही आपल्या डब्यातलं अंडं कागदात बांधून ठेवू लागला. लांडग्याचं नाव पडलं पाहुणा.

मिस्त्रींनी ही बातमी जेवताना सांगितली आणि तिथेच घात झाला. एरवी डबा सकाळीच मिस्त्रींच्या हातात कोंबला जायचा. दुसऱ्या दिवसापासून ताई रोज दुपारी स्वतः गरम डबा घेऊन डेपोत हजर. बायकोचं प्रेम या वयात अचानक उतू चाललंय असं मिस्त्रींना पहिले काही दिवस वाटलं, आणि ते शेडमध्ये भावही खाऊन गेले. मग डब्यातले मटणाचे तुकडे कमी कमी होत गेले तेव्हा खरा प्रकार त्यांच्या ध्यानात आला.

ताईंनी पाहुण्यावर अख्खी थंडी खर्च केली. सुरुवातीला तो कुंपणाच्या आत पाऊल टाकत नव्हता. ताई तुकडा फेकायच्या, पाठ करून बसायच्या, तो उचलून पळायचा. रोज तुकडा थोडा अलीकडे पडू लागला. थंडी सरायला आली तेव्हा टक् टक् आणि "ये रे बाळा" ऐकलं की पाहुणा गवतातून सरळ चालत यायचा आणि त्यांच्या पायाशी पडलेलं खायचा. आचारी खिडकीतून बघायचा आणि म्हणायचा, "ताई, तुम्ही वाघाला पण केस धुवायला बसवाल." ताई वरवर नको नको म्हणायच्या आणि मनातून फुलायच्या. त्यांना तो खरंच आवडू लागला होता. दुकानात येणारे कुत्रे कोणा ना कोणा मालकाचे असायचे. हा मात्र फक्त आपला आहे, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

मग हवा तापली आणि पाहुण्याचं रूप बिघडलं. थंडीतला दाट कोट सुटायला लागला. अंगावर जागोजाग लोकरीचे झुबके लोंबू लागले, जुन्या गादीतून कापूस बाहेर यावा तसे. मांड्यांवर तर नुसत्या गाठी. इतर कोणी ते बघून 'केस गळतायत' म्हणून सोडून दिलं असतं. पण ताईंचा हा धंदा होता. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर वाकडी तसबीर दिसली की काही बायकांचे हात शिवशिवतात, तसे ताईंचे हात गुंता दिसला की शिवशिवायचे.

"अहो, त्याची दशा बघवत नाही हो," रात्रीचं जेवण वाढताना त्या म्हणाल्या.

"कोणाची?" मिस्त्रींनी विचारलं.

"पाहुण्याची."

"मला वाटलं माझी," मिस्त्री म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी डब्याच्या पिशवीत एक कंगवा टाकला. साधा नव्हे. खोल रुतलेले मेलेले केस ओढून काढणारा, दोन रांगांच्या दातांचा, खास गुंत्यांसाठी ठेवलेला. मिस्त्रींना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विरोध केला असता, आणि विरोध मोडून काढण्यात दुपार गेली असती.

कॅन्टीनच्या मागे त्या नेहमीच्या जागी गेल्या. टक् टक् केलं, हाक मारली. पाहुणा आला, तुकडे खाऊ लागला. ताई बाजूने सरकत गेल्या, डोळ्यांत न बघता, मूठ मिटून. त्याने मुठीचा वास घेतला. ताईंनी मूठ सोडून हात हलकेच त्याच्या खांद्यावर ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता. केसांखालचं अंग त्यांना एकदम कडक झालेलं जाणवलं. त्याचं तोंड मिटलं आणि खाणं थांबलं.

हे ताईंनी पाहिलं नाही असं नाही. कुत्रा असा ताठला की त्या हात काढून घेत असत, किंवा त्याच्या गुरगुरण्याची वाट बघत असत. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याची नोटीस असते. आधी नोटीस, मग ओठ वर, मग दात, असा त्यांचा एक रीतसर कारभार असतो आणि त्या कारभारात शहाण्या माणसाला माघार घ्यायला भरपूर वेळ मिळतो. ताई नोटिशीची वाट बघत राहिल्या. नोटीस आली नाही, तेव्हा त्यांना वाटलं, बाळ तयार आहे. त्यांनी मांडीवरच्या सगळ्यात मोठ्या गाठीत कंगवा घातला आणि ओढला.

पुढचं त्यांना दिसलंच नाही, फक्त ऐकू आलं. कडकन काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला. मग हातात कंगवा नव्हता आणि कोपरापासून खाली बाहीही नव्हती. पाहुणा दोन उड्यांत लांब गेला होता. त्याने तोंडातला कपडा खाली टाकला आणि तिथेच बसला. पळून गेला नाही, चिडलेला दिसला नाही, गुरगुरलाही नाही. ताईंकडे बघत तो पुढच्या तुकड्याची वाट बघत बसला. ताई मटकन खाली बसल्या त्या हे बघून.

खिडकीत आचाऱ्याच्या हातून डाव पडला. तो धावत बाहेर आला.

"ताई, हात आहे का?"

"आहे."

"बोटं मोजा."

"आहेत म्हटलं ना."

"तरी मोजा."

ताईंनी मोजली. सगळी होती, कातडीला ओरखडासुद्धा नव्हता. कंगव्याचे दात मात्र तिघांनी शोधले तरी सगळे सापडले नाहीत.

"तो चावला नाही," ताई घाईघाईने म्हणाल्या. "कंगवा अडकला, त्याला दुखलं, एवढंच. कोणाला सांगू नका."

पण सांगायचं कशाला, नियंत्रकाने आपल्या खिडकीतून सगळं बघितलं होतं आणि वनखात्यात फोनही करून मोकळा झाला होता. त्याचं म्हणणं, अंडं देण्यापर्यंत ठीक आहे, पण डेपोच्या आवारात कर्मचाऱ्याची बायको खाल्ली गेली तर रजिस्टरमध्ये ते कुठल्या रकान्यात दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी वनअधिकारी बाई आल्या. वयाने तरुण, चिखलाने भरलेले बूट, बोलणं शांत. त्यांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवलं, चहा घेतला आणि विचारलं, "त्याला खायला कोण घालतं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. बाईंनी मान डोलावली. "म्हणजे सगळेच."

ताई पुढे झाल्या. "बाई, दोष माझा आहे. तो अगदी गरीब आहे हो. त्याला रागसुद्धा आला नव्हता."

"नव्हताच आला," बाई म्हणाल्या. "मला त्याचीच काळजी आहे, ताई. कुत्रा माणसाला सांभाळून घेतो. त्याच्या कित्येक पिढ्या माणसाच्या दारात वाढल्यात. आपण चुकलो तर तो आधी सांगतो. याचा तसा भरवसा नाही. याला आपल्याबद्दल एकच गोष्ट कळलीय. माणूस दिसला की खाणं मिळतं. नाही मिळालं तर तो ओढून घेणार. तुमच्या हातात कंगवा होता. उद्या थांब्यावर एखाद्या पोराच्या हातात बिस्किट असेल."

आचारी कपाकडे बघत होता.

"मग आता काय करणार त्याचं?" ताईंनी विचारलं.

"पिंजऱ्याची गाडी मागवलीय. पुढच्या आठवड्यात येईल. पकडला की जन्मभर पिंजऱ्यात. माळावर रोज मैलोन्मैल फिरणारा प्राणी चार पावलांच्या जागेत येरझारा घालत राहतो, मी बघितलंय. आणि त्याआधी कोणाला चावला, तर मग पिंजरापण नाही. गोळी."

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी लपवलं नाही.

"एक वाट आहे," बाई म्हणाल्या. "गाडी येईपर्यंत त्याला माणसाची भीती परत बसली, तर मी गाडी रिकामी पाठवीन. खाणं आजपासून बंद. पिंपाला झाकण. आणि दिसला की हुसकावायचा. लुटूपुटूचा नाही, मनापासून."

डेपो कामाला लागला. पहिल्या दिवशी पाहुणा कुंपणातून आत आला तेव्हा उभ्या होत्या तेवढ्या सगळ्या बसगाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले. गावात लोकांना वाटलं संप झाला. पाहुण्याने कानही हलवला नाही. तो थंडीभर हॉर्नच ऐकत आला होता, त्याला ते पाखरांच्या आवाजासारखं झालं होतं. आचाऱ्याने मोठं पातेलं घेऊन त्यावर डाव बडवला, तेव्हा पाहुणा उलट धावत आला, कारण पातेल्याचा आवाज म्हणजे स्वयंपाक झाला. गाड्या धुवायच्या पाइपाने पाणी मारलं, तर तो बाजूला सरकला आणि उन्हात अंग वाळवत बसला. एका ड्रायव्हरने तोंडाला फडकं बांधून भुताचं सोंग आणलं. त्याला फक्त नियंत्रक घाबरला.

ताईंचं तर फारच वाईट झालं. त्यांनी मन घट्ट करून दगड उचलला आणि फेकला. तो पाहुण्याच्या पुढ्यात पडला. पाहुणा आला, दगड हुंगला, चाटून पाहिला आणि मान वर करून ताईंकडे बघितलं. थंडीभर त्या हातातून पडलेली प्रत्येक गोष्ट खायची होती. दुसरा दगड फेकला, तोही त्याने हुंगला. तिसरा ताईंच्या हातातून सुटलाच नाही.

"तुझा नेम इतका वाईट नाही," त्या रात्री मिस्त्री म्हणाले. "मला लाटणं कधी चुकलंय का?"

"थट्टा नको हो. माझ्याच्याने होत नाही. तो माझ्याकडे विश्वासाने बघतो."

"विश्वासाने नाही, भुकेने बघतो."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं."

मिस्त्रींनी अंथरूण घातलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पिंजऱ्यात ठेवतात म्हणजे किती मोठा असतो पिंजरा?" ताईंनी दिवा मालवला.

खाणं खरोखरच बंद झालं होतं. नियंत्रकसुद्धा अंडं स्वतःच खात होता. पाहुणा बारीक झाला आणि धीटही झाला. तो आता कुंपणापाशी थांबत नव्हता, गाड्यांमधून फिरत होता. एका कंडक्टरच्या खांद्याची पिशवी त्याने मागून येऊन ओढली. कंडक्टर पिशवी टाकून जो पळाला तो थेट बसच्या टपावर जाऊन बसला.

गाडी उद्या येणार, असा निरोप आला. त्या दुपारी मिस्त्री चष्मा घरी विसरले होते म्हणून ताई तो द्यायला डेपोत गेल्या. शेडजवळ वळल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

दोन उभ्या बसगाड्यांच्या मधल्या बोळात मिस्त्री पायरीवर डबा उघडून बसले होते. बोळाच्या पलीकडच्या तोंडातून पाहुणा आत येत होता. त्याने मिस्त्रींना पाहिलं. मिस्त्रींनी त्याला पाहिलं आणि ते पांढरेफटक पडले. ते सावकाश उभे राहिले. आता हे पळणार, असं ताईंना वाटलं, आणि जन्मात पहिल्यांदा मिस्त्रींनी पळावं असं मनापासून वाटलं.

मिस्त्री पळाले नाहीत. ते बाजूला वळले. नजर खाली वळवली. मूठ मिटून हात खाली धरला आणि पुढे केला. हात जागचा हलला नाही. मग ते म्हणाले, "ये रे बाळा."

ताईंनी इतकी वर्षं कानीकपाळी ओरडून शिकवलेलं सगळं त्या माणसाने एकही चूक न करता केलं होतं.

पाहुणा मुठीकडे बघत चालत येत होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं आणि अंग ताठ. ताईंनी ते अंग हाताखाली अनुभवलं होतं. या वेळी त्या नोटिशीची वाट बघत थांबल्या नाहीत. शेडच्या दाराशी चाकांचे बोल्ट ठेवलेलं एक घमेलं होतं. त्यातला मुठीएवढा बोल्ट त्यांनी उचलला आणि जीव खाऊन फेकला. तो पाहुण्याच्या बरगडीवर बसला. पाहुणा केकाटला. त्याने वळून बघितलं, कोण ते त्याला दिसलं, आणि तो क्षणभर तसाच उभा राहिला. तेवढ्यात दुसरा बोल्ट त्याच्या मागच्या पायावर बसला आणि ताई चाक खोलायची लोखंडी पहार घेऊन त्याच्यावर धावून गेल्या.

धावताना त्या ज्या शिव्या देत होत्या त्या नंतर ड्रायव्हर लोकांनी आठवून आठवून आदराने सांगितल्या. पहार बसगाडीच्या पत्र्यावर आपटत, पदर सुटलेला, केस सुटलेले, अशा त्या पाहुण्यामागे चौकातून धावल्या, कॅन्टीनमागून धावल्या, कुंपण ओलांडून गवतात धावल्या. पाहुणा शेपटी पोटाखाली घेऊन पळत होता. तो दिसेनासा झाला तरी त्या धावत होत्या. शेवटी आचाऱ्याने जाऊन त्यांना धरलं.

"गेला, ताई. गेला तो."

"मी त्याला मारलं," ताई म्हणाल्या. "त्याला लागलं हो. तो ओरडला."

त्या परत आल्या तेव्हा मिस्त्री बोळात तसेच उभे होते, मूठ पुढे करून.

"आता हात खाली घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"अहो, पळायचं नाही का?"

"तूच तर सांगितलंस पळायचं नाही म्हणून."

"ते कुत्र्यांचं सांगितलं होतं."

"मला कुठे फरक कळतो. मला सगळेच सारखे दिसतात."

ताईंनी त्यांची मूठ दोन्ही हातांत धरली, उघडली आणि एक एक बोट चाचपून बघितलं. मग त्या एकाच वेळी हसायला आणि रडायला लागल्या. मिस्त्री म्हणाले, "अगं, लोक बघतायत," पण हात त्यांनीही काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याची गाडी आली. वनअधिकारी बाईंनी सगळी हकिगत ऐकली, बरगडीवर लागलं की पोटावर तेही विचारून घेतलं, आणि दुर्बीण घेऊन कुंपणापाशी उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट दाखवलं. लांब, गवताच्या उंचवट्यावर पाहुणा उभा होता. धडधाकट, फक्त एक पाय जरा जपून टाकत होता. ताईंनी सुटकेचा श्वास सोडला.

"एक दिवस पळाला म्हणजे भीती बसली असं मला धरता येणार नाही," बाई म्हणाल्या. "बघायला हवं. ताई, पुढे या. त्याला हाक मारा."

"मी?"

"तुम्हीच. नेहमी मारता तशी. आला, तर गाडी थांबेल."

ताई कुंपणाच्या पलीकडे गेल्या. मागे अख्खा डेपो उभा होता. मिस्त्री अगदी कुंपणाला चिकटून होते. ताईंच्या मनात आलं, आवाज थोडा आत ओढावा. जीभ वाजल्यासारखी करावी, पण वाजवू नये. इतक्या लांबून कोणाला काय कळणार. बाईंना तर नाहीच. पण मग कधीतरी कोणी दुसरंच, पाहुण्याच्या वाटेवर, खरंच प्रेमाने हाक मारेल. आणि त्या वेळी हातात पहार घेऊन धावायला कोणी नसेल.

त्यांनी टक् टक् केलं, दोनदा, खणखणीत. मग पोटातून आवाज काढला. त्यात थंडीभराची सगळी माया होती, काही हातचं राखलं नाही.

"ये रे बाळा, ये."

उंचवट्यावर पाहुण्याचे कान उभे राहिले. त्याने एक पाय पुढे टाकला. येऊ नकोस, त्या मनात म्हणत होत्या, येऊ नकोस रे राजा.

पाहुण्याने तो पाय मागे घेतला. क्षणभर ताईंकडे बघितलं, मग वळला आणि पळाला. चालत नाही, दुडक्या चालीने नाही, जीव घेऊन पळाला. एकदाही मागे बघितलं नाही.

आजवर ताईंच्या हाकेला पाठ दाखवणारा तो पहिलाच. इतका अपमान त्यांचा कोणी केला नव्हता आणि इतका आनंद त्यांना कशाचाच झाला नव्हता. त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि कुंपणाकडे वळून बघितलं. वनअधिकारी बाईंनी गाडीवाल्याला हाताने खूण केली होती, तो गाडी वळवत होता. आचारी डाव उंचावून नाचत होता.

"ताई," बाई म्हणाल्या, "खात्रीसाठी अजून एकदा."

ताईंनी छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने हाक मारली. माळावर आता नुसतं गवत होतं.